‘पिंजरा’ची गाणी अभिजात, चित्रपट नाही

तुम्ही विचारलंय की, अभिजात म्हणून नावाजलेला कुठला चित्रपट वाजवीपेक्षा जास्त डोक्यावर घेतला गेलाय असं वाटतं. वाद झाला तरी चालेल. मग आडपडदा न ठेवता सांगते. माझ्या मते तो मान व्ही. शांताराम यांच्या १९७२च्या ‘पिंजरा’ला जातो.

हे लिहिताना मला माझ्याच घरातले चेहरे दिसताहेत. मी फोंड्याकडची. आमच्याकडे ‘पिंजरा’ला नावं ठेवणं म्हणजे जत्रेच्या नाटकातून मधेच उठून जाण्यासारखं आहे. माझे मामा आयुष्यभर गावच्या नाटकांत पेटी वाजवत आले, आणि हा विषय निघाला की त्यांचं एकच वाक्य असतं: “तुका कितें कळटा गो! गाणीं आयक.”

गाण्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, हे आधीच सांगून टाकते. राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांचे शब्द आणि उषा मंगेशकरांचा आवाज यांना मी हातही लावणार नाही. ‘मला लागली कुणाची उचकी’ किंवा ‘दिसला ग बाई दिसला’ ऐकताना आजही पाय आपोआप ठेका धरतात. पण गोव्यातल्या माझ्या पिढीला ही गाणी चित्रपटातून मिळालीच नाहीत. ती शाळेच्या गॅदरिंगमधून, ऑर्केस्ट्रातून, चवथीच्या दिवसांत कुणाच्या तरी घरी लागलेल्या कॅसेटमधून मिळाली. चित्रपट पाहायच्या कितीतरी आधी तो थोर आहे हे आमचं ठरलेलं होतं. आम्ही नाट्यसंगीतावर वाढलेली माणसं. पद रंगलं की प्रवेश कसा होता हे विचारायचं नाही, अशी कानाला सवय. हीच सवय घेऊन आपण चित्रपटाकडे जातो आणि गाण्याचे गुण चित्रपटाच्या खात्यावर जमा करतो.

म्हणून म्हणते, एकदा गाणी वगळून ‘पिंजरा’ पाहा. एका आदर्श गुरुजींची गोष्ट. गावाला शिस्त लावलेले, तमासगिरांना गावातून घालवायला निघालेले. फडातली नाचणारी चंद्रकला चिडते, त्यांना नादी लावते, ते घसरतात. मग एका खुनात मेलेला माणूस म्हणजे गुरुजीच असं गाव समजतं, गावात त्यांचा पुतळा उभा राहतो, आणि जिवंत गुरुजी फडाबरोबर गावोगाव फिरत राहतात. मूळ कल्पना जर्मन आहे. १९३०च्या ‘द ब्लू एंजल’मध्ये असाच एक मास्तर कॅबेरेतल्या गाणारीच्या मागे लागून धुळीला मिळतो. उसनं बीज घ्यायला माझी हरकत नाही, आपली कितीतरी उत्तम नाटकं उसन्या बीजावर उभी आहेत. अडचण आहे ती गुरुजींच्या घसरण्याची. ज्या माणसाचा गावभर दरारा आहे, तो आतून कुठे पोकळ होता, त्याला काय हवं होतं, कशाची भूक होती, हे चित्रपट सांगतच नाही. बाई समोर आली आणि तोल गेला, इतकंच. गुरुजी झालेले डॉ. श्रीराम लागू ही उणीव स्वतःच्या अंगावर घेऊन भरून काढतात. फडावर मागे तुणतुणं धरून उभे असतात तेव्हा त्यांच्या खांद्यांत, मानेच्या त्या झुकण्यात जे दिसतं, ते पटकथेत कुठेच लिहिलेलं नाही. समोर चंद्रकला झालेल्या संध्याबाई प्रत्येक भाव शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायच्या बेताने करतात: मानेचे झटके, विस्फारलेले डोळे. नाचात ते शोभतं, बोलण्याच्या प्रसंगात खटकतं. एकाच चौकटीत दोन वेगळ्या चित्रपटांतली माणसं उभी असल्यासारखं वाटत राहतं.

तरीही एवढ्यावरून मी याला अवाजवी गौरवलेला म्हटलं नसतं. माझा खरा राग त्याच्या नजरेवर आहे.

हा चित्रपट लावणीवर चालतो. तिकीट लावणीसाठी काढलं जातं, कॅमेरा लावणीवर रेंगाळतो, रंगांची सगळी उधळण लावणीच्या वाट्याला येते. आणि तोच चित्रपट सांगतो की हा पिंजरा आहे, इथे आलेला भला माणूस वाया जातो. जिच्या जिवावर तीन तास रंगले, तिलाच शेवटी माणसाला पाडणारी म्हणून उभं करायचं. गोव्यात वाढलेल्या बाईला हे सहज गिळता येत नाही. आमच्या संगीताचा पाया ज्या बायकांनी घातला त्या कलावंत घराण्यांतल्या होत्या. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. केसरबाईंची ‘जात कहां हो’ ही भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, याचा आम्हाला कोण अभिमान! पण देवळात सेवा करणाऱ्या या बायकांचं गाणं गावाला हवं असे आणि त्यांच्या घरचं पाणी प्यायचं म्हटलं की तोंडं फिरत, हेही याच मातीत घडलंय. फार मागे जायला नको. माझ्या लहानपणी गावच्या नाटकात बाईची भूमिका करायला नटी बाहेरून आणत. तिच्या पदाला वन्समोअर मिळे, तिच्यावर बक्षिसांची खैरात होई. पण आपल्या घरच्या मुलीने त्या रंगमंचावर पाय ठेवायचा नाही, हे टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक बापाचं पक्कं असे. नाटक संपल्यावर ती नटी एकटीच पिशवी घेऊन पहाटेच्या बसची वाट बघत उभी असे, ते मी पाहिलेलं आहे. ‘पिंजरा’ मला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्या बाजूने बसलेला दिसतो.

यावर मामांचं उत्तर तयार असतं: तो काळच तसा होता, १९७२च्या चित्रपटाकडून आजच्या अपेक्षा कशा करायच्या? रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर खुद्द शांतारामबापूंनीच तेहेतीस वर्षं आधी देऊन ठेवलंय. १९३९चा प्रभात फिल्म कंपनीचा, त्यांनीच दिग्दर्शित केलेला ‘माणूस’.

प्रमथेश बरुआंच्या १९३५च्या ‘देवदास’ने देशभर प्रेमभंगाचं आणि दारूत बुडण्याचं जे वेड पसरवलं होतं, त्याला उत्तर म्हणून हा चित्रपट पाहिला जातो. गणपत हा साधा पोलीस. एका धाडीत तो मैनाला वाचवतो. मैना शरीर विकून जगणारी, शांता हुबळीकरांनी केलेली. यातलं ‘कशाला उद्याची बात’ पाहा. समोर बसलेली गिऱ्हाइकं वेगवेगळ्या प्रांतांतली, आणि मैना एकेकाच्या भाषेत कडवं म्हणते. गाणं तसं मौजेचं, चालही नाचरी. पण प्रत्येक नव्या भाषेबरोबर आपल्याला कळत जातं की ही बाई किती प्रकारच्या माणसांना सांभाळून जगत आलीय आणि त्यांतलं एकही माणूस तिचं नाही. हुबळीकरांचा चेहरा हसरा राहतो, डोळे मात्र कुठे तरी दुसरीकडेच असतात. इथे गाणं काढून टाकलं तर मैनाच निम्मी नाहीशी होते. ‘पिंजरा’त गाणी काढली तर चंद्रकलेबद्दलची आपली माहिती तसूभरही कमी होत नाही. दोन्ही चित्रपटांतलं अंतर मला इथे दिसतं.

‘माणूस’मध्ये एक प्रसंग असा आहे की दोघं हिंडताना एका चित्रीकरणापाशी येतात आणि तिथे झाडाखाली नायक-नायिकेचं गुळमुळीत प्रेमगीत चाललेलं असतं. त्या काळच्या बॉम्बे टॉकीजच्या धाटणीची ती चेष्टा होती. पडद्यावरचं प्रेम आणि मैनाच्या नशिबी आलेलं जगणं शेजारीशेजारी ठेवून बापू पुढे जातात, भाषण ठोकत नाहीत. शेवटाकडे मैनाच्या हातून तिच्या मामाचा खून होतो. गणपत तिला कोठडीतून सोडवायला तयार असतो आणि ती नको म्हणते. कुणी शिक्षा दिली म्हणून ती तुरुंगात जात नाही, तो निर्णय ती स्वतः घेते. १९३९मध्ये! ज्या दिग्दर्शकाला हे तेव्हा सुचलं, त्याच्या ‘पिंजरा’ला काळाची सवलत मी का द्यावी?

आणि काळच बघायचा तर १९७२मध्येच ‘पाकिजा’ही आला. त्याचीही गाणी चित्रपटापेक्षा मोठी आहेत, तोही जागोजागी लांबलाय, आणि प्रदर्शनानंतर काही आठवड्यांतच मीनाकुमारी गेल्या, त्याचं हळवेपण त्याच्या कीर्तीत मिसळलंय. पण शेवटी वरात कोठ्याच्या दारात येते. दिग्दर्शक कमाल अमरोही कोठ्यावर नाचणाऱ्या त्या नायिकेला तिच्या गल्लीतून वरातीनिशी नेतात. कथानक कितीही नाटकी असो, चित्रपट कुणाच्या बाजूचा आहे याबद्दल शंका राहत नाही.

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४पासून गोव्यात आहे, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये पणजीत रांगेत उभं राहून या विषयावर भांडायची आम्हाला सवयच लागलीय. तिथे सर्वांत जास्त वेळा ऐकलेली नावं म्हणजे ‘पथेर पांचाली’ आणि ‘सिटिझन केन’. पहिल्याला संथ म्हणतात. मला ते पटत नाही; ज्याला दुर्गा पावसात भिजताना बघून घाई होते, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ‘सिटिझन केन’चा प्रश्न वेगळा आहे. ‘साइट अँड साउंड’ मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांची मतं मागवतं. १९६२पासून २००२पर्यंत प्रत्येक वेळी पहिला क्रमांक ‘केन’ला, २०१२मध्ये ‘व्हर्टिगो’ला, आणि २०२२मध्ये शांताल अकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या १९७५च्या ‘जान डीलमन’ला. ‘केन’ काही त्या दहा वर्षांत वाईट झाला नाही. मत देणारे वाढले, बदलले, इतकंच. त्यामुळे ‘यादीत पहिला आहे म्हणून थोर’ आणि ‘यादीतून घसरला म्हणून फुगवलेला’ ही दोन्ही म्हणणी मी बाजूला ठेवते.

‘जान डीलमन’ मात्र इथे काढावासाच वाटतो, कारण तोही देह विकणाऱ्या बाईचाच चित्रपट आहे. एक विधवा, तिचा मुलगा, दुपारी येणारं एखादं गिऱ्हाईक. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात कॅमेरा तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसतो आणि ती बटाटे सोलते ते पूर्ण वेळ दाखवतो. अनेकांना हा अवाजवी डोक्यावर घेतलेला वाटतो, कंटाळवाणा वाटतो. मला वाटला नाही. गिऱ्हाईक खोलीत गेलं की आपल्याला दार तेवढं दिसतं, आणि बटाटे मात्र अख्खे दिसतात. शेवटाकडचा धक्का बसेपर्यंत हा नेम मोडत नाही. ‘पिंजरा’चा हिशोब बरोबर उलटा आहे. तिथे चंद्रकला नाचताना हवी तेवढी दिसते. ती सकाळी उठल्यावर काय करते, याच्याशी कुणालाच देणंघेणं नाही.

राहिला ‘संत तुकाराम’. एक मित्र मोठ्या तावातावाने म्हणाला होता, १९३६चा तो चमत्कारपट, त्याला १९३७च्या व्हेनिस महोत्सवात मान मिळाला म्हणून आपण अजून टाळ वाजवतोय. माझा याला ठाम विरोध आहे. त्यातले चमत्कार आज कच्चे दिसतात, हे मान्य. पण दामले-फत्तेलालांची आवली बघा. नवरा विठ्ठलाच्या नादात घर विसरलेला, पोरं भुकेली, आणि ही म्हशीची देखभाल करत त्या काळ्या देवाला शिव्या घालते. गौरीबाईंची आवली चित्रपटाला जमिनीवर धरून ठेवते. आणि गाण्यांचं म्हणाल तर ‘आधी बीज एकले’ हे शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं पद लोकांनी तुकोबांचाच अभंग मानून गाथेत शोधलं. गाणं चित्रपटात मुरणं म्हणतात ते हे.

मामांचा एक मुद्दा मात्र मला खोडता आलेला नाही. ‘पिंजरा’च्या शेवटी गुरुजींवर खुनाचा आरोप येतो, तोही स्वतःच्याच खुनाचा. खरं सांगितलं तर सुटतील, पण मग गावाच्या मनातले गुरुजी मरतील. ते गप्प राहतात. मामा म्हणतात, ही कल्पना जर्मन चित्रपटातही नाही, हे आपलं आहे, आणि यासाठी हा चित्रपट अभिजात. कल्पना खरंच मोठी आहे, आणि लागूंनी ती पेलली आहे. फक्त त्या अखेरच्या भागात चित्रपटाला जी काळजी लागते ती पुतळ्याची आणि गावाच्या श्रद्धेची. चंद्रकलेचं प्रेम तोवर खरं झालेलं असतं, तिने सगळं सोडायची तयारी केलेली असते, पण तिचं काय होणार हा प्रश्न गुरुजींच्या त्यागाला धार यावी एवढ्यापुरताच उरतो. मैनाला जो निर्णय मिळाला तो चंद्रकलेला मिळाला असता, तर मीही मामांच्या बाजूने बोलले असते.

तुम्ही दोन्ही पाहिले नसतील तर ‘माणूस’ आधी पाहा आणि ‘पिंजरा’ नंतर. उलट्या क्रमाने पाहिलेत तर आधी गाण्यांची भूल पडते. पाहून झाल्यावर मामांची बाजू पटली तर तेही लिहा, मी त्यांना वाचून दाखवीन.