'हेतेप'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: इजिप्तच्या देवळांच्या भिंतींवर राजा देवापुढे भाकरी, मद्य, फुलं धरून उभा दिसतो. त्याला मराठीत 'बळी' म्हणावं की 'नैवेद्य'? आणि 'आमेनहोतेप' या तिथल्या राजांच्या नावामधल्या 'होतेप'चा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. इजिप्शियन लिपीत स्वर लिहीत नसत, म्हणून मूळ शब्द नुसता ह-त-प. अभ्यासक सोयीसाठी 'हेतेप' म्हणतात. त्याचं चिन्ह म्हणजे बोरूची चटई आणि तिच्यावर ठेवलेली एक भाकरी. अर्थ मात्र दोन: देवापुढे ठेवलेली वस्तू, आणि संतोष किंवा शांती. आमेनहोतेप म्हणजे 'आमून (हा देव) संतुष्ट आहे', इमहोतेप म्हणजे 'जो शांतीने येतो'.

आता आपला 'प्रसाद' बघा. प्र + सद्, म्हणजे मुळात प्रसन्नता. पुढे तिची खूण म्हणून हातावर पडणारा शिराही प्रसादच. 'पसायदाना'तला 'पसाय' हाच. देवाचं तृप्त होणं आणि ताटातला पदार्थ, दोन्ही एकाच शब्दात! दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी वाट तीच. शिवाय इजिप्तमध्येही देवापुढचं अन्न नंतर पुजाऱ्यांच्या वाट्याला जाई.

तरी चित्राखाली 'प्रसाद' लिहू नये, कारण तो देवाकडून येतो आणि चित्रातला राजा तर देतो आहे. तिथे 'नैवेद्य'च हवा. थडग्यांवर हजारो वेळा कोरलेलं 'हेतेप दी नेसू' हे सूत्रही 'राजा देतो तो नैवेद्य' असं सहज उतरतं. पुढे मृतासाठी हजार भाकरी आणि हजार मडकी बिअर मागितलेली असते. 'बळी' नको. 'काकबळी'त नुसता भात असतो हे खरं, पण एकटा 'बळी' वाचला की आज डोळ्यांपुढे बोकडच येतो. 'आहुती'ला अग्नी लागतो. 'उपहार' संस्कृतात चालला असता. मराठीत तो उपाहारगृहातल्या 'उपाहारा'शी गोंधळतो.

एका दृश्यात मात्र 'नैवेद्य'ही अडतो. इजिप्तमधल्या अबिदोसला पहिला सेती या राजाच्या देवळात राजाच्या तळहातावर एक चिमुकली बसलेली देवी आहे, डोक्यावर शहामृगाचं पीस. ती माआत, म्हणजे सत्य, न्याय, जगाची नीट बसलेली घडी. 'जग मी नीट राखलं आहे' हेच राजा देवापुढे ठेवतो. ही खाण्याची वस्तू नव्हे, म्हणून इथे 'माआत-अर्पण' लिहावं.