काजू बीचा दर ऐन हंगामात का पडतो?

सावंतवाडी व कुडाळ भागातील काही बागायतदारांनी विचारले आहे की, परदेशी काजूगरावर एवढे मोठे आयात शुल्क असूनही आपल्या काजू बीचा दर हंगामातच का कोसळतो. राजापूरच्या एका भात उत्पादकाची शंका अशी की, 2023 मध्ये जगात तांदूळ महागला, मग तो भाव आपल्या भाताला का लागला नाही.

काजूच्या बाबतीत गर (कारखान्यात बी फोडून काढलेला काजू) आणि बी यांवरील शुल्क वेगवेगळे आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. गरावरील मूळ सीमाशुल्क 2019 मध्ये 45 वरून 70 टक्के झाले, तर बीवरील शुल्क त्याच्या आदल्याच वर्षी 5 वरून अडीच टक्क्यांवर आणले गेले होते. म्हणजे बांध घातला तो कारखानदाराच्या मालाभोवती. बागायतदाराच्या मालाला तो नावापुरताच राहिला. त्यातच टांझानियाची बी ऑक्टोबर ते जानेवारीत निघते आणि पश्चिम आफ्रिकेचा हंगाम आपल्याबरोबरच फेब्रुवारीपासून सुरू होतो, त्यामुळे आपली पहिली बी बाजारात येते तेव्हा खरेदीदाराला घाई नसते. उलट, आयव्हरी कोस्टसारखा देश आपल्या कच्च्या बीवर निर्यात कर घेतो आणि तो वाढला की आयात बी महाग पडून आपल्या बीला थोडा आधार मिळतो. हंगामापूर्वी तिकडच्या बातमीकडे लक्ष ठेवणे म्हणूनच उपयोगाचे.

राज्य शासनाने 2024 च्या हंगामासाठी किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर केले होते. अशा मदतीने बाजारातील दर हलत नाही, फक्त तुमची तूट काही अंशी भरून निघते. तीही विक्रीचा पुरावा असेल तरच, म्हणून पक्की पावती घेतल्याशिवाय बी देऊ नये. ओली बी विकण्याची घाई टाळावी. बोंडूपासून वेगळी केलेली बी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी, वेंगुर्ला-7 सारख्या सुधारित जातीची मोठी बी गावठी बीत मिसळू नये आणि पोती फळ्यांवर रचावीत. मात्र कर्ज काढून माल अडवून ठेवणे माझ्या मते शहाणपणाचे नाही, कारण वाढीव दर व्याजातच जातो.

भाताचे गणित उलटे आहे. जागतिक तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे 40 टक्के असल्याने, 20 जुलै 2023 रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबताच बाहेर दर चढले. देशात मात्र तोच तांदूळ अडकून राहिल्याने भाव आवरला गेला. ग्राहकाला दिलासा मिळाला, त्याची किंमत उत्पादकाने मोजली. ही बंदी सप्टेंबर 2024 मध्ये उठली. कोकणातला बराचसा तांदूळ घरीच खाल्ला जात असल्याने झळ कमी बसली, हे खरे. ज्यांच्याकडे विक्रीजोगे भात उरते त्यांनी व्यापाऱ्याच्या दराची तुलना हमीभावाशी करावी (2023-24 साठी साधारण भाताला तो क्विंटलला 2,183 रुपये होता) आणि खरेदी केंद्रावरील नोंदणीत अडचण येऊ नये म्हणून सातबाऱ्यावर पीक पाहणी वेळेत नोंदवून घ्यावी.