सूत्रधार पडद्यामागे नसतो

एका वाचक भगिनीचा प्रश्न असा: १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाविषयी बोलताना एका वक्त्याने दुर्गा भागवतांना ‘आणीबाणीविरोधी लेखकांच्या सूत्रधार’ म्हटले. पण हा शब्द तर गुन्हेगारांसाठी वापरतात. मग हा गौरव समजायचा की निंदा? आणि बाईंना ‘सूत्रधार’ म्हणावे की ‘सूत्रधारी’?

हा प्रश्न पडावा इतकी या शब्दाची आपण माती केली आहे. रोज संध्याकाळी बातम्या लावा, ‘दरोड्याचा सूत्रधार’, ‘स्फोटाचा मुख्य सूत्रधार’, ‘घोटाळ्यामागचा सूत्रधार’ ऐकू येतातच. मध्यंतरी तर ‘नाटक बंद पाडणाऱ्यांचा सूत्रधार’ असेही कानावर आले आणि मी ताडकन उठून बसलो. नाटक सुरू करून देणे हे ज्याचे काम, त्याचेच नाव नाटक बंद पाडणाऱ्याला द्यायचे?

नाटकाच्या आरंभी येऊन नांदी, प्रस्तावना करणारा तो सूत्रधार, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. ते सोडून देऊ. प्रश्न आहे तो त्याच्या हातातल्या सुताचा. हे सूत कसले?

बहुतेक जण चटकन सांगतात, कळसूत्री बाहुल्यांचे. या मताला मोठे नाव मिळाले ते जर्मन पंडित पिशेल यांच्यामुळे. १९०० साली त्यांनी मांडले की भारत हे बाहुलीनाट्याचे माहेर आणि सूत्रधार म्हणजे मुळात बाहुल्यांच्या दोऱ्या हलवणारा. सूत्रधाराच्या मागून येणारा जो ‘स्थापक’, तोही त्यांच्या लेखी बाहुल्या मांडून ठेवणारा. पिशेल प्राकृताचे फार मोठे जाणकार. त्यांचे प्राकृत व्याकरण मी आजही उघडतो. पण इथे एका सुंदर कल्पनेने त्यांना भुलवले, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यामागून आपल्याकडच्या कितीतरी लेखकांनी ते मत न तपासता उचलले. ‘पडद्याआडून दोऱ्या हलवणारा’ ही आजची गुन्हेगारी छटाही त्याच चित्राला चिकटून वाढली.

आता दुसरे सूत पाहा. संस्कृत ‘सूत्रधार’, प्राकृत ‘सुत्तहार’ आणि मराठी ‘सुतार’! होय, आपला सुतार म्हणजे सूत्रधारच. गुजराती-राजस्थानीत तो ‘सुथार’ आहे आणि त्या ‘थ’मध्ये प्राकृतातला ‘ह’ अजून श्वास घेतो आहे. मराठीने तो गमावला. बंगालीत तर ‘सूत्रधर’ हे सुतारांच्या जातीचे नाव आहे. लाकडावर किंवा जमिनीवर दोरी ताणून माप घेणारा, आखणी करणारा, तो सूत्रधार. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या पदरी असलेला वास्तुशास्त्रज्ञ मंडन हा ‘सूत्रधार मंडन’ म्हणूनच ओळखला जातो. त्याने कुठल्या बाहुल्या नाचवल्या? ‘सुतासारखा सरळ’ म्हणतो तेव्हा आपल्या तोंडी हेच सूत असते. कारागिरांच्या मापात अजून आठ सुतांचा इंच होतो.

आणि नाटकात हा आखणीवाला आला कुठून? ‘नाट्यशास्त्र’ या भरतमुनींच्या प्राचीन ग्रंथाचा दुसरा अध्याय काढा. नाट्यगृहासाठी जमीन मापायची दोरी कशी असावी हे तिथे सांगितले आहे. कापसाची चालेल, लोकरीची, मुंज गवताची, वल्कलाची चालेल; अट एकच, ती तुटता कामा नये. तुटली तर? अर्ध्यावर तुटली तर यजमानाचा मृत्यू. तिसऱ्या भागावर तुटली तर राष्ट्रकोप. चौथ्या भागावर तुटली तर प्रयोग करणाऱ्याचा नाश. हा मजकूर मी कितीदा वाचला असेन, पण ‘राष्ट्रकोप’ या शब्दाशी दर वेळी थांबतो. नाट्यगृहाची दोरी तुटली तर राज्यात प्रकोप होतो, हे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी लिहून ठेवावेसे वाटले.

यावर कुणी म्हणेल की ही दोरी सूत्रधारानेच धरावी असे तिथे कुठे आहे? मान्य. पण बाहुल्यांच्या दोऱ्या त्याच्या हाती दाखवणारे वचन तरी कुणी दाखवले आहे? माझ्या बाजूने निदान सुतार आहे, सुथार आहे, मंडन आहे. ‘स्थापक’ हा शब्दही देवालयात मूर्तीची स्थापना करणाऱ्यासाठी सर्रास येतो. म्हणजे आखणारा आणि त्यामागून स्थापना करणारा, अशी ही वास्तूच्या कामातली जोडी नाटकात आली असावी, असा माझा कयास आहे. बाहुलीवाल्यांच्या तर्काहून तो मला कितीतरी भक्कम वाटतो.

बाहुल्यांच्या दोऱ्यांवर माझा राग नाही. ‘सूत्रे हलवणे’ हा वाक्प्रचार त्या दोऱ्यांचा आहे आणि तो खुशाल वापरावा. पण सूत्रे हलवणारा आणि सूत्र धरणारा हे दोघे एक नव्हेत. पहिला लपलेला असतो. दुसरा सर्वांत आधी लोकांसमोर येतो, कवीचे नाव सांगतो, नाटकाचे नाव सांगतो आणि प्रसंगी आपल्या निवडीचा बचावही करतो. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत त्याला विचारले जाते की भासासारखे नामवंत असताना या नव्या कालिदासाचे नाटक कशाला? तो उत्तर देतो की जुने तेवढे सगळे चांगले असे नसते. एवढा उघड माणूस ‘पडद्यामागचा’ कसा होईल?

आता मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात पहिल्यावहिल्या नाटकाची हकिकत आहे. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात प्रयोग होतो, विषय असुरांचा पराभव. असुर चिडतात. विरूपाक्षाच्या पुढाकाराने विघ्ने चालून येतात आणि नटांची वाचा, हालचाल आणि स्मृती या तिन्ही गोष्टी गोठवून टाकतात. क्रम लक्षात घ्या, आधी गेली ती वाचा! इंद्र पाहतो तर सूत्रधार आपल्या साथीदारांसह बेशुद्ध, जड होऊन पडलेला. म्हणजे आपल्या नाट्यकथेतला पहिला सूत्रधार हा नाटक बंद पाडणाऱ्यांचा पहिला बळी आहे. आणि आपण त्याचेच नाव झुंडीच्या म्होरक्याला देतो! पुढे नाट्यगृह बांधायला विश्वकर्म्याला सांगितले जाते, तेही प्रयोगाच्या रक्षणासाठीच. पण ब्रह्मदेव तेवढ्यावर थांबत नाही. तो असुरांशी बोलतो, त्यांची तक्रार ऐकतो आणि सांगतो की हे नाट्य एकट्या देवांचे नाही. तुमचे आणि देवांचे, दोघांचेही बरेवाईट यात दिसेल.

मराठी रंगभूमीने हा वारसा चालवला. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, त्यात पदे गाऊन अख्खे आख्यान पुढे नेणारा सूत्रधारच होता. पुढे इंग्रज सरकारने १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आणला. राजद्रोही किंवा बदनामीकारक वाटेल तो प्रयोग बंद करायची मुभा सरकारला मिळाली. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ चे. त्यात व्हाइसरॉय राहिलेल्या कर्झनचे नाव कुठेही नाही, तरी प्रेक्षकांनी कीचकात कर्झन पाहिला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. कायद्याचे ते पुस्तक मात्र स्वातंत्र्यानंतरही कितीतरी दशके तसेच राहिले. केंद्राने तो कायदा रद्द केला २०१८ मध्ये.

तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये सूत्रधार पुन्हा रंगमंचावर आला. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात पहिला प्रयोग झाला, एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या नाट्यसंस्थेनेच नाटक थांबवले. कलावंत बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभे केले. नाना फडणविसांची बदनामी होते म्हणून त्या नाटकाला विरोध झाला. विरोध करणाऱ्यांना बोलायचा हक्क होताच, पण प्रयोग थांबवायचा नव्हता, असे मी तेव्हाच्या वादाविषयी वाचताना नेहमी म्हणत आलो आहे.

‘रूढी शास्त्राहून बलवान, लोक वापरतात तोच अर्थ’ असे मला काही कोशकार ऐकवतात. रूढीचा मान मीही ठेवतो. पण ज्या शब्दाचा मूळ अर्थ अजून जिवंत आहे, ज्या अर्थाने तो आजही रंगमंचावर वापरला जातो, तो शब्द गुन्हेगारांच्या हवाली करण्याची घाई कोशाने का करावी? ‘मास्टरमाइंड’साठी मराठी हवे असेल तर ‘कट रचणारा’ म्हणा. टोळीचा पुढारी असेल तर ‘म्होरक्या’ म्हणा. लपून दुसऱ्याच्या तोंडून बोलणारा असेल तर ‘बोलविता धनी’ही रुळला आहे, तुकोबांनी तो विठ्ठलासाठी योजला होता, म्हणून मला मात्र तिथेही जड जाते.

राहिला मूळ प्रश्न. दुर्गाबाई कऱ्हाडला अध्यक्षपदावर होत्या, केंद्रातले मंत्री समोर होते, देशात आणीबाणी होती आणि त्यांनी तुरुंगवासातून आजारी होऊन बाहेर आलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितले. उघड, स्वतःच्या नावाने, भरसभेत. पुढे त्यांना अटकही झाली. तेव्हा त्या वक्त्याच्या मनात बातम्यांमधला अर्थ असेल तर त्याने चूक केली, जुना अर्थ असेल तर अगदी नेमका शब्द वापरला. ‘सूत्रधारी’ हे रूप संस्कृतात सूत्रधाराच्या पत्नीसाठी, म्हणजे नटीसाठी आहे. बाईंना ते नको. ‘दुर्गाबाई सूत्रधार होत्या’ एवढेच लिहावे.