बस चार्जिंगला कधी उभी राहते, तिथून सुरुवात कर

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. महानगरपालिकेच्या परिवहन विभागात रुजू होताच ४० इलेक्ट्रिक बसगाड्यांचे आगार सौरऊर्जेवर नेण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा मला मनापासून आनंद झाला. छतावर किती किलोवॉटचे पॅनेल बसवावेत, असे तू विचारले आहेस. त्याचा हिशेब करूच, पण या बस चार्जिंगला कोणत्या वेळी उभ्या राहणार आहेत, हे तू पत्रात कुठेच लिहिलेले नाहीस आणि सगळे काम त्यावरच अवलंबून आहे.

नऊ मीटर लांबीची बस एका किलोमीटरला साधारण एक युनिट वीज घेते असे धर. दिवसाला १८० किलोमीटर धावणाऱ्या ४० बसना ७,२०० युनिट लागतील आणि चार्जिंगमधील गळती धरून ८,००० पर्यंत जातील. आपल्याकडे एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते, म्हणजे २,००० किलोवॉट हवेत. एका किलोवॉटला १०० चौरस फूट या हिशेबाने दोन लाख चौरस फूट, साडेचार एकरांहून अधिक जागा झाली. आगाराच्या शेडचे छत २०,००० चौरस फूट असले, तरी गरजेचा दहावा हिस्साच भागतो. छत जरूर वापर, परंतु उरलेली वीज बाहेरून घ्यावी लागेल हे आयुक्तांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांग.

एका शहरासाठी काम करताना मी स्वतः ही चूक केली आहे. वर्षभरात छतावर किती युनिट तयार होतील आणि बस किती वापरतील, एवढीच तुलना मी अहवालात मांडली. प्रत्यक्षात गाड्या रात्री ११ नंतर आगारात येत आणि पहाटेपर्यंत चार्ज होत. दुपारी तयार झालेली वीज ग्रिडमध्ये जाई आणि रात्री बसमध्ये भरली जाणारी वीज बहुतांशी कोळशाची असे. कागदावर मेळ बसला होता, पण त्या शहराच्या बस सूर्यावर धावत होत्या असे मी आज म्हणणार नाही.

दिल्ली मेट्रो २०१९ पासून मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पातून वीज घेते. मेट्रो तारेवरची वीज त्याच क्षणी वापरते आणि दिवसभर धावते, त्यामुळे ऊन आणि मागणी यांची वेळ जुळते. बसचे तसे नाही, कारण ऊन असते तेव्हा ती रस्त्यावर असते. म्हणून टाइमकीपरच्या टेबलाशेजारी दोन-तीन दिवस बसून प्रत्येक गाडीचे शेड्यूल उतरवून घे. सकाळची गर्दी ओसरल्यावर, साडेअकरा ते चारच्या दरम्यान, चालक-वाहकांची पाळी बदलते आणि काही फेऱ्या जवळजवळ रिकाम्या जातात. त्या वेळात निम्म्या गाड्या आळीपाळीने तास-दीड तास जलद चार्जरवर आणता आल्या, तर रात्रीची मागणी बरीच उतरते. दराचाही त्यात फायदा आहे: केंद्राच्या वीज ग्राहक हक्कांच्या नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीने वेळेनुसार दर लागू असलेल्या ग्राहकांसाठी सौर तासांचा, म्हणजे दिवसा ऊन असतानाच्या तासांचा, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद केली.

यातील खरी अडचण बस चालवणाऱ्या कंपनीशी होणाऱ्या करारात असते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतही बस चालवणाऱ्या खासगी कंपनीला किलोमीटरमागे पैसे मिळतात. दुपारी उभी राहिलेली बस तिच्या दृष्टीने बुडालेली कमाई ठरते, आणि ती आपणहून गाडी थांबवील अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. दुपारच्या चार्जिंगचे तास आणि त्यांचा मोबदला निविदेतच लिहिलेला असावा, यासाठी तू आग्रह धर. करारावर सह्या झाल्यावर हे साधत नाही.

बाहेरच्या विजेसाठी केंद्राचे २०२२ चे हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियम, म्हणजे स्थानिक वीज कंपनीऐवजी थेट हरित वीज उत्पादकाकडून वीज घेण्याचे नियम, वाच. १०० किलोवॉट मंजूर भार असलेल्या ग्राहकालाही त्यांनी दार उघडले आहे. मात्र बँकिंगचा, म्हणजे जादा वीज ग्रिडमध्ये जमा ठेवून नंतर वापरण्याचा, हिशेब महिन्याचा असतो, त्यामुळे मे महिन्यातली शिल्लक जुलैत वापरता येईल असे धरू नकोस. जुलैत आपल्याकडे आभाळ भरलेले असते, परंतु त्याच काळात साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या सर्वांत जोरात फिरतात. केवळ सौर वीज घेण्याऐवजी सौर आणि पवन अशी मिश्र वीज मागितलीस, तर पावसाळ्यातील तूट बरीच भरून निघेल.

पॅनेलवर आगारातली धूळ आणि काजळी फार लवकर बसते, तेव्हा बस धुण्याच्या जागेजवळच पॅनेल धुण्यासाठी पाण्याची जोडणी घ्यायला सांग.

आता सर्व शेड्यूल आणि आगाराची गेल्या १२ महिन्यांची वीजबिले मला पाठव. निविदेचा मसुदा स्थायी समितीकडे जाण्यापूर्वी आपण दोघे तासातासाचा तक्ता मांडू.

तुझा हितचिंतक