पामबीचला ऐंशीने गेलं तर बिघडतं कुठे?

पावसाळा तोंडावर आलाय आणि यावेळच्या पत्रांत स्पीड, ब्रेक आणि पाऊस हेच जास्त आहे, त्यामुळे मायलेज, इंजिन ऑइल, कोणती बाइक घेऊ वगैरे सगळं पुढच्या अंकात. आधी ठाणे-नवी मुंबईकरांचे प्रश्न घेतो.

प्रश्न : मी नेरूळला राहतो, वय २४, रोज पामबीच रोडने वाशीला कामाला जातो. रस्ता सरळ आहे, माझी बाइक २०० सीसीची, एबीएस आहे, टायर नवे आहेत. ऐंशीला गाडी एकदम स्टेबल असते, उलट ५५-६० ला चालवली की मागच्या कार अंगावर येतात. मग ऐंशीने गेलं तर नेमकं बिघडतं कुठे?

उत्तर : बिघडतं ते थांबताना. ऐंशीला गाडी स्टेबल असते हे बरोबर आहे, आजकालची कुठलीही २०० सीसी असते, पण त्या स्पीडला गाडी थांबते किती अंतरात हे तुम्ही कधी मोजलंय का? थोडं गणित करू.

६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, ८० ला २२. समोर काहीतरी आलंय हे कळून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत एक सेकंद धरा. त्यापुढे रस्ता कोरडा, टायर चांगले, रायडरला जोरात ब्रेक मारायची सवय, असं सगळं तुमच्या बाजूने धरलं तरी ६० ची गाडी आणखी साधारण २० मीटरवर उभी राहते, म्हणजे एकूण ३७ मीटर. ८० च्या गाडीला नुसत्या ब्रेकिंगलाच ३६ मीटर लागतात, एकूण ५८. आता खरा मुद्दा बघा. ज्या जागी ६० ची बाइक पूर्ण थांबलेली असते, त्याच जागेवरून ८० ची बाइक ब्रेक दाबलेला असूनसुद्धा अजून साठच्या आसपास स्पीडने पुढे चाललेली असते. म्हणजे पहिला रायडर डिव्हायडरवरून अचानक उतरलेल्या माणसासमोर थांबला आणि दुसऱ्याने त्याच माणसाला साठने उडवलं. फरक फक्त वीसचा, आणि एबीएसने यात फार काही बदलत नाही, एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणजे जाम होऊन घसरू देत नाही, पण अंतर जादूने कमी करत नाही.

आणि वाचतं काय? वाशी ते बेलापूर अख्खा पामबीच धरला तरी साधारण १० किलोमीटर. ६० ला १० मिनिटं, ८० ला साडेसात, आणि तुम्ही तर नेरूळलाच चढता. जी दीड-दोन मिनिटं वाचतात ती पुढच्या सिग्नलला उभं राहून जातात.

कायद्याचं म्हणाल तर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीत दुचाकीला कमाल ६० आहे, बोर्डावर त्याहून कमी लिहिलं असेल तर बोर्ड खरा. पण मी कॅमेऱ्याच्या भीतीने सांगत नाहीये. समोर जेवढा रस्ता मोकळा दिसतोय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, एवढं एकच माप मी मानतो, मग रात्री लो बीमवर किंवा सानपाड्याला फ्लायओव्हरच्या चढावर पलीकडचं काही दिसत नसताना ६० सुद्धा जास्तच होतात. मागून कार अंगावर येते तेव्हा तिच्या स्पीडला स्पीड लावू नका, इंडिकेटर द्या, डावीकडे व्हा, जाऊ द्या तिला.

प्रश्न : वय ५८, कोपरी, ठाणे पूर्व. तीस वर्षं बाइक चालवतो आणि कायम मागचाच ब्रेक वापरला, कारण पुढचा मारला की गाडी पलटी होते असं शिकवलं होतं. मुलगा म्हणतो उलट करा. कोण बरोबर?

उत्तर : काका, मुलगा बरोबर आहे. ब्रेक मारला की गाडीचं आणि आपलं बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, आणि हलकं झालेल्या चाकाचा ब्रेक जास्त दाबला की ते लॉक होऊन गाडीचा मागचा भाग आडवा जायला लागतो. थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. तुम्हाला जे सांगितलं होतं त्यातही तथ्य आहे, पुढचा ब्रेक एकदम झटक्यात आवळला, किंवा हँडल वळलेलं असताना वाळूवर आवळला, तर गाडी पडतेच. पण म्हणून ब्रेकच सोडून द्यायचा नसतो, तो दाबायची पद्धत शिकायची.

पद्धत अशी : हँडल सरळ, दोन बोटं लिव्हरवर, आधी हलकंच दाबायचं, पुढचे शॉकअब्सॉर्बर खाली बसल्याचं हाताला जाणवतं, तोपर्यंत टायर रस्त्याला नीट दाबला गेलेला असतो, आणि मग जोर वाढवत न्यायचा. मागचा ब्रेक सोबत, हलका. नजर समोर लांब, चाकाकडे बघायचं नाही. गाडी थांबत आली की दाब थोडा सोडायचा म्हणजे शेवटचा धक्का बसत नाही. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस असतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. तुमची गाडी त्याआधीची असेल तर बहुधा यातलं काहीच नसणार, मग सराव जास्तच लागेल. रविवारी सकाळी एखादा मोकळा, कोरडा, खडी नसलेला पट्टा बघा, २० च्या स्पीडने सुरू करा, मग ३०, मग ४०. तीस वर्षांची सवय एका सकाळीत जात नाही, मुलाला सोबत न्या, तो उभा राहून सांगेल चाक कुठे लॉक होतंय.

प्रश्न : अटल सेतूवरून बाइक नेता येते का? उलव्याहून दादरला जायला खूप सोयीचं पडेल. (उलवे)

उत्तर : नाही. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना तिथे बंदी आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेलाही तेच. तुम्हाला वाशी पुलानेच जावं लागणार.

प्रश्न : वर्तकनगर, ठाणे. आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, पहाटे येऊर, सुट्टीला माळशेज. रेसिंग ट्रॅकवर रायडर बाइकच्या बाहेर लटकून, गुडघा टेकवून वळतात ती स्टाइल शिकायची आहे. एक मित्र म्हणतो घाटात बॉडी बाहेर काढली की गाडी जास्त सेफ वळते. खरंय का?

उत्तर : अर्धं खरं आहे म्हणून सविस्तर सांगतो. वळणावर बसायच्या तीन पद्धती आहेत. एक, बाइक जेवढी झुकेल तेवढंच आपण झुकायचं, पाठ आणि गाडी एका रेषेत. दोन, बाइक झुकवायची पण आपण सरळ राहायचं, ही यू-टर्नला, ट्रॅफिकमध्ये, खड्डे चुकवताना फार कामाची. तीन, ट्रॅकवाली, बॉडी आतल्या बाजूला काढायची म्हणजे त्याच स्पीडला बाइक थोडी कमी झुकते आणि टायरला तेवढी ग्रिप शिल्लक राहते. मित्राचं म्हणणं या तिसऱ्याबद्दल आहे आणि त्यातलं शास्त्र बरोबर आहे.

पण ट्रॅकवर समोरून एसटी येत नाही. माळशेजला उजव्या वळणावर तुम्ही पांढऱ्या पट्टीला चिकटून आत झुकलात तर टायर तुमच्या लेनमध्ये असतात आणि डोकं, खांदा समोरच्याच्या लेनमध्ये गेलेला असतो. हे फोटोत छान दिसतं, वळणापलीकडून येणाऱ्या ड्रायव्हरला मात्र ते दिसतं तेव्हा त्याच्याकडे काही करायला वेळ नसतो. रस्त्यावर पहिली पद्धत पुरते. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच स्पीड कमी करून घ्यायचा, गिअर पाडायचा, लेनच्या मधोमध राहायचं, वळण जिथे उघडतंय तिथे बघायचं आणि हलक्या थ्रॉटलवर, म्हणजे थोडीशीच रेस देत, बाहेर पडायचं. वीस-पंचवीसच्या वर बाइक वळते ती हँडल ढकलून, डावीकडे जायचं तर डावा हात पुढे रेटायचा, आपण सगळेच नकळत हे करत असतो. ते मुद्दाम करून बघा, खड्डा चुकवायला याच्याइतकी पटकन दुसरी कुठली ट्रिक नाही. आणि नजर खड्ड्यावर ठेवू नका, जिथे बघाल गाडी तिथेच जाते.

येऊरबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ते राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतलं जंगल आहे, पहाटे त्या अरुंद रस्त्यावर चालणारे, पळणारे लोक असतात, म्हातारी माणसं असतात. तिथे वळणं मारायची प्रॅक्टिस करू नका. गुडघा टेकवायचाच असेल तर पैसे साठवा, रायडिंग सूट घाला आणि ट्रॅकवर कोचकडून शिका, मला खरंच आनंद होईल.

प्रश्न : मी कासारवडवलीला राहते, सेकंड शिफ्ट संपवून रात्री स्कूटरने घोडबंदर रोडने घरी येते. पावसात कंटेनरच्या मधे सापडले की हातपाय गार पडतात. एकदा फ्लायओव्हरवर लोखंडी जॉइंटवर स्कूटर हलली तेव्हापासून जास्तच. घरचे म्हणतात स्कूटर सोड, पण मग रात्री रिक्षावर अवलंबून राहावं लागतं. काय करू?

उत्तर : ताई, स्कूटर सोडायची गरज नाही, पण घोडबंदरच्या पावसाला वेगळं चालवावं लागतं. तुमची भीती चुकीची नाही, तो रस्ता न्हावाशेवा बंदर ते गुजरात अशा जड वाहतुकीचा आहे, मेट्रोच्या कामाने लेन बदलत राहतात आणि स्कूटरची चाकं लहान, त्यामुळे जो खड्डा बाइक गिळून टाकते तो स्कूटरला हँडल हिसकावून दाखवतो.

कंटेनरचं आधी. लांब ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा पुढची केबिन बाहेरून फिरते आणि मागची चाकं आत, फुटपाथच्या बाजूला कापत येतात. माजिवडा, कापूरबावडी, कुठलाही नाका घ्या, ट्रेलर थोडा उजवीकडे सरकला की डावीकडे मोठी जागा मोकळी झाल्यासारखी वाटते आणि दुचाकीवाले तिथेच घुसतात. ती जागा त्याने वळण्यासाठीच सोडलेली असते, आणि काही सेकंदांत तिथून मागची चाकं जाणार असतात. सिग्नलला ट्रेलरच्या डावीकडे कधीच उभं राहू नका, मागेच थांबा. एक खूण लक्षात ठेवा, त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. बाजूने समांतर चालत राहू नका, एकतर पुढे निघून जा किंवा मागे व्हा, आणि मागे म्हणजे चांगलं लांब, कारण अगदी मागे चिकटलात की खड्डा दिसतच नाही, तो ट्रेलरच्या पोटाखालून थेट तुमच्या चाकासमोर येतो.

ओल्या रस्त्यावर लोखंडी प्लेट, फ्लायओव्हरचे जॉइंट, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, सांडलेलं डिझेल हे सगळं घसरडं. यावरून जाताना ब्रेक नाही, रेस नाही, हँडल सरळ, जे काही स्पीड कमी करायचं ते आधी. स्कूटर थोडी हलणार, हलू द्या, घट्ट आवळून धरलं की जास्त हलते. पहिल्या एक-दोन पावसांत जास्त सांभाळा, वर्षभराचं ऑइल आणि धूळ तेव्हा वर येते. साचलेल्या पाण्यात खड्डा आहे असंच धरून चाला.

तयारी थोडीच आहे पण पावसाआधी कराच. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला, पंक्चरवाला काहीही म्हणो. हवा कंपनीने सांगितली तेवढीच, पावसात कमी हवा ठेवली की ग्रिप वाढते हे ऐकू नका. हेल्मेटची काच पारदर्शक, काळी काच रात्री काढून टाका. रेनकोट शर्ट-पँटवाला घ्या, मोठा झगा चाकात जातो, आणि पाठीवर चमकणारी पट्टी असलेला घ्या. एखाद्या दिवशी ढगफुटीसारखा कोसळत असेल तर पेट्रोल पंपावर वीस मिनिटं थांबा, घरी फोन करून सांगा. पुलाखाली रस्त्यातच मात्र उभं राहू नका, तिथे मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

प्रश्न : ऐरोली. साडेतीन वर्षांच्या मुलीला स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत सोडतो, अंतर दोन किलोमीटर, स्पीड तीसच्या आत. बायको म्हणते धोका आहे. एवढ्याशा अंतराला हेल्मेट वगैरे लागतं का?

उत्तर : दादा, वहिनींचं ऐका. पुढे उभ्या असलेल्या मुलीचा चेहरा हँडल आणि मीटरच्या उंचीला असतो. तीसच्या स्पीडला रिक्षा आडवी आली, तुम्ही ब्रेक दाबला, तर तुम्ही हँडलला धरून थांबता, ती थांबत नाही, आणि मागून तुमचं वजन तिच्यावर येतं. शिवाय मुलं गंमत म्हणून रेस पिळतात. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठी २०२३ पासून नियमच आहे : मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस, मापाचं हेल्मेट, आणि स्पीड ४० च्या आत. हार्नेस खांद्यावरून येणारा, बेल्ट कमीजास्त करता येणारा असतो. चार वर्षांच्या पुढे तर हेल्मेट मोठ्यांसारखंच सक्तीचं. हेल्मेट आयएसआय मार्कचं घ्या आणि तिच्या डोक्याला लावून बघूनच घ्या, डोकं हलवल्यावर फिरलं तर मोठं होतंय. रंग तिलाच निवडू द्या, म्हणजे ती घालायला कुरकुर करणार नाही.

प्रश्न : कळव्याहून लिहिते. मुलगा १७ वर्षांचा, क्लासला मुंब्रा बायपासने बाइक नेतो म्हणून हट्ट करतोय, सगळे मित्र नेतात. वडील म्हणतात चालवता येते ना, मग देऊया. मला पटत नाही.

उत्तर : ताई, तुम्हाला पटत नाही ते योग्य आहे, अजिबात देऊ नका. १८ च्या आत गिअरच्या बाइकचं लायसन्स मिळतच नाही, १६ पूर्ण झाल्यावर मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला जी सुधारणा झाली त्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. कुणाला लागलं तर विमा कंपनी भरपाईचे पैसे नंतर मालकाकडून वसूल करू शकते. हे सगळं त्याच्या वडिलांना वाचून दाखवा.

आणि मुलालाही नुसतं नाही म्हणू नका, त्याची ओढ खरी आहे. मुंब्रा बायपासला कंटेनरच्या रांगा असतात, तिथे शिकायचं नसतं हे त्याला माझ्या नावावर सांगा. तोपर्यंत सायकलवर मागे वळून बघणं, हाताने सिग्नल देणं, गाड्यांच्या दारापासून अंतर ठेवणं याची सवय लावा, पुढे बाइकवर ती जशीच्या तशी उपयोगी पडते. १८ पूर्ण झाले की लर्निंग लायसन्स काढा, पहिली गाडी १०० ते १२५ सीसीचीच द्या आणि पहिले काही महिने मागे कुणी बसवायचं नाही असं ठरवून घ्या. आणि बाइकच्या आधी चांगलं हेल्मेट त्याच्या हातात द्या.