पु-एर चहाचा घरी संग्रह करायचा असेल तर काय घ्यावं आणि कसं ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे पु-एरच्या, म्हणजे वर्षानुवर्षं मुरत जाणाऱ्या चिनी चहाच्या, तीन चकत्या (दाबून केलेल्या गोल वड्या) आहेत, दोन कच्च्या आणि एक पिकवलेली. आणखी घेऊन दहा-पंधरा वर्षं मुरवायचा विचार आहे, पण त्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात की हवाबंद डब्यात, हे ठरत नाही. फ्रीजचं आधी सांगते: अजिबात नको. थंडीत चहाचं मुरणं जवळजवळ थांबतं. गार चकती बाहेर काढली की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. शिवाय फ्रीजमधल्या प्रत्येक पदार्थाचा वास चहा ओढून घेतो. डब्याचं खाली सविस्तर सांगते, त्यात थोडी मेख आहे.

मी अकरा वर्षं हा चहा साठवते आहे, आज चाळीसेक चकत्या आहेत. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत वेष्टन आणि वर्णन बघून बराच माल घेतला आणि न चाखता तसाच ठेवून दिला. आज त्यातली एखादी चकती फोडली तर ती मुरून छान झाली की आधीच बरी होती आणि आता उतरली, हे मला सांगता येत नाही. ती नवी असताना कशी लागायची हेच ठाऊक नाही. म्हणून माझा पहिला आग्रह हा की चाखल्याशिवाय काहीही ठेवणीत टाकू नका.

आता कच्चा आणि पिकवलेला यांतला फरक, कारण साठवण त्यावरच ठरते. दोन्ही चीनच्या युन्नान प्रांतातल्या मोठ्या पानाच्या चहाचे. पानं कढईत परततात, मळतात आणि उन्हात वाळवतात. परतणं बेताचं असतं आणि वाळवणं उन्हातलं, त्यामुळे पानात जीव शिल्लक राहतो आणि चहा पुढे वर्षानुवर्षं बदलत राहतो. हाच चहा वाफवून दाबला की कच्ची चकती, म्हणजे शंग. पिकवलेला, म्हणजे शू, हा प्रकार बराच अलीकडचा, १९७०च्या दशकात कुनमिंग आणि मंगहाय इथल्या कारखान्यांत बसवलेला. पानांचे ढीग घालतात, पाणी मारतात, झाकतात, अधूनमधून उलथवतात. ढीग आतून तापतो आणि सूक्ष्मजीव दीड-दोन महिन्यांत पानाचा कायापालट करतात. म्हणजे शूचं मोठं काम तुमच्या घरी येण्याआधीच उरकलेलं असतं. वर्ष-दोन वर्षांत ढिगाचा तो ओला, कोंदट वास निघून जातो, चव गोलाई धरते, आणि त्यानंतरचा बदल संथ असतो. दहा वर्षांच्या अपेक्षेनं ठेवायचा असेल तर तो शंगच.

कच्च्याची निवड करताना एक गैरसमज फार भेटतो: आज कडू-तुरट, प्यायला नकोसा वाटतोय, म्हणजे पुढे उत्तम होईल. कडूपणा असू द्या, पण घोट गेल्यावर तो विरून घशात गोडवा परतला पाहिजे आणि त्याच पानांवर सातव्या-आठव्यांदा पाणी घातलं तरी चहात दम असला पाहिजे. पोकळ, पाणचट चहा मुरून पोकळ आणि पाणचटच राहतो. हे तपासायला आधी पंचवीस-तीस ग्रॅमचा नमुना मागवा. सात ग्रॅम पानं, शंभर मिलिलिटरचं झाकणाचं भांडं, उकळतं पाणी. पहिलं पाणी लगेच ओतून द्या, मग दहा-दहा सेकंदांचे काढे. असं वेगवेगळ्या दिवशी तीनदा प्या. तिन्ही वेळा आवडला तरच चकती घ्या, आणि एकाच चहाच्या दोन घ्या: एक फोडून प्यायला, दुसरी ठेवायला. नेहमीची चकती ३५७ ग्रॅमची असते, म्हणजे सात ग्रॅमच्या हिशेबानं पन्नास बैठका. हा हिशेब डोक्यात असला की वर्षाला चार-पाच चहांच्या जोड्या पुष्कळ होतात हे पटतं. सात चकत्यांचा बांबूच्या सालीत बांधलेला गठ्ठा मिळतो, जवळजवळ अडीच किलोचा. तो मी एखादा चहा दोन वर्षं पिऊन झाल्यावरच घेते.

वेष्टनावरच्या आकड्यांनी फसू नका. ७५४२ हा मंगहाय कारखान्याचा प्रसिद्ध कच्चा चहा. त्यातले ७५ म्हणजे मिश्रण ठरलं ते साल, १९७५. चार म्हणजे पानाची प्रत, दोन म्हणजे कारखान्याचा क्रमांक. तो चहा नंतरही वर्षानुवर्षं त्याच आकड्यानं निघत आला आहे, त्यामुळे आकड्यावरून चकतीचं वय कळत नाही. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या चकत्यांबाबत तर फार जपा. ओलसर कोठारात ठेवून रंग गडद केलेला चहा सहज जुना म्हणून खपतो. काढा झाल्यावर पानं बोटानं उलगडून बघा. नीट मुरलेल्या शंगचं पान तपकिरी झालेलं असलं तरी लवचिक असतं आणि उलगडतं. काळंकुट्ट, ताठर, उलगडायचं नाव न घेणारं पान दिसलं तर मी तो चहा सोडून देते. आणि पुढे विकून पैसे होतील म्हणून घेत असाल तर २००७ साल लक्षात ठेवा. त्या वर्षी पु-एरचे भाव आभाळाला भिडले आणि त्याच वर्षी कोसळले.

आता साठवणीकडे. मुरायला ऊब आणि ओल लागते, आणि ओल जास्त झाली की बुरशी. मी हवेतली आर्द्रता ६० ते ६८ टक्क्यांत आणि तापमान २० ते २८ अंशांत ठेवते. पंचाहत्तरच्या वर आर्द्रता टिकून राहिली तर धोका आहे. पन्नासच्या खाली चहा बिघडत नाही, पण सुकतो, सुगंध बसतो आणि बदल मंदावतो. यासाठी आर्द्रतामापक घ्या आणि विश्वास टाकण्याआधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला, बूच आणि मापक एकाच पिशवीत ठेवून पिशवी घट्ट बंद करा आणि दिवसभर हात लावू नका. आकडा ७५ आला पाहिजे. माझा एक मापक ६९ दाखवायचा. त्याच्यावर कागद चिकटवून ‘सहा मिळवा’ असं लिहून ठेवलंय.

घरातली हवा वर्षभर या मर्यादेत राहत असेल तर वास नसलेलं, उन्हापासून दूरचं कपाट किंवा पुठ्ठ्याचं खोकं पुरेसं आहे. तसं नसेल तर खाण्याच्या पदार्थांसाठीचा मोठा, घट्ट झाकणाचा डबा घ्या. रिकामा डबा दोन दिवस बंद ठेवून हुंगा, प्लॅस्टिकचा वास आला तर तो नको. आत चकत्या कागदी वेष्टनासकट रचा आणि आर्द्रता राखणाऱ्या तयार पुड्या ठेवा, ६५ टक्क्यांच्या. या पुड्या ओल सोडतात तशी शोषूनही घेतात. डबा शक्यतो भरलेला असू द्या. चहा स्वतःच ओल धरून ठेवतो, त्यामुळे भरलेल्या डब्यातली हवा स्थिर राहते. महिन्यातून एकदा झाकण काढून पाच-दहा मिनिटं हवा लागू द्या. कच्चा आणि पिकवलेला वेगळ्या डब्यांत ठेवा, नाहीतर शूचा वास शंगला लागतो.

तयार पुड्यांऐवजी पाण्याची वाटी किंवा ओला स्पंज मात्र ठेवू नका. मी एकदा कोरड्या दिवसांत स्पंज ठेवला होता. पाच आठवड्यांनी झाकण उघडलं तेव्हा वरून सगळं ठीक दिसत होतं. सवयीनं एक चकती उलटी केली. मागच्या बाजूला मधोमध जो खळगा असतो, जिथे वेष्टनाचा कागद पिळून कोंबलेला असतो, तो कागद हाताला मऊ लागला. उलगडला तर खळग्याच्या कडेनं पांढरी लव उभी होती आणि पावसात भिजलेल्या जुन्या वह्यांसारखा वास आला. तपासताना पहिल्यांदा हा खळगाच बघा, ओल तिथे अडते. पानांच्या कळ्यांवर मुळातच पांढरट लव असते, ती पानाला चिकटून सपाट असते आणि तिच्यामुळे घाबरायचं कारण नाही. बुरशी पानापासून उठून दिसते, कापसासारखी. लवकर सापडलेली पांढरी बुरशी झटकून, चकती कोरड्या हवेत ठेवून चहा वाचवणारे लोक आहेत. मी ती चकती टाकून दिली, आणि हिरवी किंवा काळी बुरशी असेल तर तुम्हीही दुसरा विचार करू नका.

वासाच्या बाबतीत जितकी काळजी घ्याल तितकी थोडी. स्वयंपाकघर, उदबत्त्या, डांबरगोळ्या, साबण, नवं रंगरोगण यांच्या जवळपास चहा नको, आणि सुगंधी लाकडाची पेटी कितीही देखणी असली तरी नको. एकदा बसलेला वास निघायला वर्षं जातात, कधीकधी निघतच नाही.

तुमच्या तीन चकत्यांचं असं करा. मापक आणा, मिठाची परीक्षा घ्या, मग ज्या खोलीत चहा ठेवायचा तिथे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे टिपा. तोवर चकत्या आहेत त्या कागदातच राहू द्या. मधल्या काळात तिन्हींतून सात-सात ग्रॅम काढून प्या. चकती फोडायची टोचणी कडेनं, थरांना समांतर घाला, टोक चकती धरलेल्या हाताकडे येणार नाही अशी, आणि हलकेच उचला म्हणजे पानं तुटत नाहीत. कशी लागली ते दोन ओळींत लिहा, तारीख घाला आणि ती चिठ्ठी त्याच चकतीच्या वेष्टनात सरकवा. आठवड्याचे आकडे इथे खाली लिहिलेत तर कपाट पुरेल की डबा लागेल ते सांगते.