आठ वर्षांचा कारागीर निघाला, हिशेब कसा करू?

प्रश्न : कोल्हापुरात आमचा फरसाणाचा छोटा कारखाना आहे, १२ माणसं. कढईवरचा मुख्य कारागीर ८ वर्षांनी गावी चाललाय. ग्रॅच्युइटी द्यावीच लागते का? त्याच्याकडे १८,००० रुपये उचल बाकी आहे, ती त्यातूनच कापू का?

उत्तर : ताई, द्यावीच लागते. १० किंवा जास्त माणसं असली आणि सलग ५ वर्षं झाली की तो त्याचा हक्क. राजीनामा त्याने स्वतःहून दिला तरीही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल, तर २६ ने भागा : ५०० रुपये रोज. वर्षाला १५ दिवस म्हणजे ७,५००. आठ वर्षांचे ६०,०००. ही रक्कम ३० दिवसांत द्या.

उचल त्यातून कापू नका. तिचा हिशेब वेगळा ठेवा, लेखी ठेवा. मी २५ वर्षं पगारपत्रकं लिहिली. एका पेढीवर उचल फक्त मालकाच्या खिशातल्या डायरीत असायची, पेन्सिलीने, कामगाराची सही नाही. निघताना मालक म्हणाले २०, माणूस म्हणाला १२. दोघेही मला खरेच वाटले, आणि चूक कागदाची होती हे सांगताना मला फार वाईट वाटलं.

तेव्हा उरलेल्या अकरा जणांसाठी आजच उचल-वही घाला : तारीख, रक्कम, सही. पगाराची पावतीही द्या. आणि कारागिराला अनुभवाचा दाखला द्यायला विसरू नका. गावी त्याला तो लागेल.